कुमठ्याची फरशी, मंत्रालयाचा कागद

खात्याकडून शाळेत कागद आला की मुख्याध्यापक आधी त्यातली तारीख शोधतात. माहिती कधीपर्यंत पाठवायची, एवढं कळलं की बाकीचा मजकूर वाचायची गरज सहसा पडत नाही. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी खरोखर वाचला. पोषण आहाराच्या सुट्टीत, केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर त्यावर वाद घातले. कुणी त्याची टर उडवली, कुणी तो डोक्यावर घेतला. विनोद तावडे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि नंदकुमार शालेय शिक्षण विभागाचे प्रधान सचिव. 'प्रत्येक मूल शिकू शकतं' हे वाक्य त्या काळात इतक्या वेळा कानावर पडलं की नंतर नंतर ते भिंतीवरच्या सुविचारासारखं दिसेनासं झालं.

एखाद्या राज्याला चांगल्या शिकवण्याला पाठबळ द्यायचं असेल, तर ते नेमकं कशाने मिळतं आणि कशाने निघून जातं, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगाचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग बघणं, ही या सुधारणेची सगळ्यात मोठी ताकद होती. राज्य ती सोडून शिक्के, टक्के आणि अपलोड यांच्या मागे लागलं, आणि तिथून गाडी घसरली.

आधीची परिस्थिती

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलं शाळेत आणण्याचं काम महाराष्ट्राने त्याच्या आधीच बऱ्यापैकी उरकलं होतं. शाळेत बसलेलं मूल वाचतंय का, हा प्रश्न मात्र अडचणीचा होता. 2014 च्या 'असर' या घरोघर जाऊन केलेल्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. काही वर्षांपूर्वीचं चित्र याहून चांगलं होतं, म्हणजे घसरण झाली होती. पालकांना आकडे माहीत नव्हते, पण घरातलं पोर बघून त्यांनी काय ते ओळखलं होतं. तालुक्याच्या गावातून इंग्रजी शाळेची पिवळी बस वाडीवर यायला लागली आणि जिल्हा परिषद शाळेचा पट गळू लागला. पट गळला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. त्यामुळे मुलांच्या वाचनाशी शिक्षकाचं नातं नोकरीच्या बाजूनेही जोडलेलं होतं.

नव्या शिक्षकांची वाट बंद होती. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत भरती नाही, असं राज्याने मे 2012 मध्ये ठरवलं होतं, आणि पवित्र पोर्टलवरून नव्या नेमणुका व्हायला 2019 उजाडलं. तेव्हा जे काही करायचं ते आहे त्याच शिक्षकांना घेऊन करायचं होतं. ही मर्यादा एका अर्थाने पथ्यावर पडली, असं मला वाटतं. नवे, हुशार, तरुण शिक्षक आणू म्हणजे सुटेल, ही पळवाट कुणालाच नव्हती.

आहे त्या शिक्षकांना मदत करण्यासाठीची उतरंड कागदावर भक्कम होती. वर पुण्याची विद्या परिषद, जिल्ह्यात डाएट ही शिक्षक-प्रशिक्षण संस्था, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली बीटचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, विस्तार अधिकारी आणि सगळ्यात खाली केंद्रप्रमुख. राज्यात केंद्रप्रमुखांची 4,860 पदं मंजूर. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा, महिन्याला एक शिक्षण परिषद. रचना करणाऱ्यांच्या मनात केंद्रप्रमुख हा शिक्षकाचा जोडीदार होता. प्रत्यक्षात तो टपाल पोचवणारा आणि माहिती गोळा करणारा झाला. वर्गभेट झालीच तर टाचणवही बघायची, हजेरीचा आकडा ताडून घ्यायचा आणि शेरेबुकात 'अप्रगत मुलांकडे लक्ष द्यावे' असं लिहून सही करायची. लक्ष द्यायचं म्हणजे सोमवारी सकाळी अकराला काय करायचं, ते मात्र त्या शेऱ्यात नसायचं.

कुमठे बीट

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट. शाळा चाळीसेक. विस्तार अधिकारी होत्या प्रतिभा भराडे. शासन निर्णय निघण्याच्या आधीपासूनच या बीटमधल्या शाळांमधले वर्ग ओळखू येणार नाहीत इतके बदलले होते. बाकं बाजूला गेली. फळे मुलांच्या हाताला पोचतील इतके खाली आले. फरशीवर ऑइलपेंटने चौकटी, संख्यारेषा, अक्षरांचे तक्ते आणि गोल रंगवले गेले. कोपऱ्यात चिंचोके, खडे, बाटल्यांची बुचं, काड्यांचे गठ्ठे आणि शंभर मण्यांची माळ. मुलं गटागटाने जमिनीवर बसून आपापलं काम करतायत आणि शिक्षिका त्यांच्यात खाली बसलेल्या.

यातलं पहिलीचं एक काम जवळून बघू. त्याला शब्दडोंगर म्हणतात. फरशीवर खडूने एकाखाली एक लिहायचं:

आई
आई चुलीवर
आई चुलीवर भाकरी
आई चुलीवर भाकरी भाजते

मूल बोट ठेवत वरून खाली येतं. पहिली ओळ त्याला ओळखीची. दुसऱ्या ओळीत एकच शब्द नवा, तिसरीत आणखी एक. चौथीला पोचेपर्यंत वाक्य झालेलं असतं आणि त्या वाक्यात त्याच्या घरचीच गोष्ट असते. मग बाई विचारतात, "आणि बाबा काय करतात?" पुढचा डोंगर मूलच सांगतं, बाई लिहितात. काही आठवड्यांनी मूल स्वतः लिहू लागतं. जुन्या रीतीत 'अ अननसाचा'पासून बाराखडीच्या शेवटापर्यंत महिनोन्‌महिने अर्थाशी गाठच पडत नसे. कोकणातल्या किंवा माणदेशातल्या पोराने अननस पाहिलेला असायचा तोही तक्त्यावरच.

गणितातही तेच. 'पंचवीस' लिही म्हटलं की पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं 52 लिहितात. मूल कानाला प्रामाणिक असतं. आधी पाच ऐकू आले, आधी पाच लिहिले. पेपर तपासणारा त्यावर फुली मारून पुढे जातो. कुमठ्याच्या पद्धतीत मुलासमोर काड्या येतात. दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सुट्या पाच. गठ्ठ्यांच्या घरात दोन, सुट्यांच्या घरात पाच. मग त्याने लिहिलेल्या 52 साठी किती गठ्ठे लागतील तेही त्यालाच मांडायला सांगायचं. पाच गठ्ठे मांडताना पोर स्वतःच थांबतं.

(विषयाला थोडं सोडून: 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांसोबत 'वीस पाच' असं वाचनही दिलं गेलं, तेव्हा विधानसभेपासून नाक्यापर्यंत सगळ्यांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. वर्गात 52 लिहिणारं पोर ज्यांनी पाहिलं होतं त्या शिक्षकांना त्यात चेष्टा करण्यासारखं काही दिसलं नाही, पण तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नाही.)

कुमठ्यातलं सगळं आकाशातून पडलं नव्हतं. मुलाच्या परिसरातून आणि हातांतून शिकवण्याचा धागा महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामापर्यंत मागे जातो. अनुताई आणि रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने डहाणूच्या आदिवासी पाड्यांत ते पुढे नेलं. खुद्द सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन कसं शिकवावं यावर अनेक वर्षं बारकाईने काम केलं होतं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः करून-अनुभवून घडवतं हा विचार, सरकारी कागदात आणला होता. पण संस्थेत होतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, तोच पगार, तीच मुलं आणि तीच गळकी कौलं असताना होऊ शकतं, यावर शिक्षकांचा विश्वास नव्हता. 'त्यांचं बरंय हो, त्यांच्याकडे निवडक मुलं असतात' हे ठरलेलं उत्तर. कुमठ्याने ते उत्तर काढून घेतलं. एका बीटमधल्या सगळ्या शाळांत ते घडत होतं, त्यामुळे एखादा अवलिया गुरुजी म्हणून सोडून देण्याचीही सोय राहिली नाही.

आणि एक कारण होतं, ज्याची चर्चा फार कमी झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक. म्हणजे महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एका गुरुजींकडे दोन किंवा तीन इयत्ता. तिसरीला शिकवायला घेतलं की पहिलीला 'पाटीवर लिहा रे' म्हणून बसवायचं, हीच रीत. फरशीवरचं साहित्य असलं की पहिलीची मुलं अर्धा तास स्वतःची स्वतः गुंततात. तत्त्वज्ञान पटो न पटो, हा अर्धा तास प्रत्येक शिक्षकाला हवा होता. ज्ञानरचनावाद एवढा वेगाने पसरला त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. शिक्षकाच्या रोजच्या अडचणीत हात न घालणारी सुधारणा वर्गात टिकतच नाही.

राज्याने काय केलं

सरकारने कुमठ्याचं नाव घेतलं आणि शिक्षकांना सांगितलं, जाऊन बघा. हे ऐकायला साधं आहे. त्याआधीची वर्षानुवर्षांची पद्धत अशी होती: पुण्यात राज्यस्तरीय तज्ज्ञांचं प्रशिक्षण, त्यांनी जिल्ह्याला द्यायचं, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. चार पायऱ्या उतरून शिक्षकापर्यंत पोचायची ती घटकसंचाची झेरॉक्स, चहा-बिस्कीट आणि हजेरीपत्रकावरची सही. शिकवणारा स्वतः तो विषय मुलांना शिकवत असेलच याची खात्री नाही.

कुमठ्याला शिक्षक हजारोंनी गेले. मराठवाड्यातून, विदर्भातून, पाच-सात जणांनी मिळून गाडी ठरवून, बरेचदा स्वतःच्या खर्चाने. दिवसभर वर्गात बसायचं, मुलांशी बोलायचं, मोबाइलवर फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर गाडीतच ठरवायचं की आपल्या फरशीवर काय काढायचं. हे बघणं प्रशिक्षणापेक्षा वेगळं का ठरलं? मला दिसणारं उत्तर असं की पाहणाऱ्याला समोर फक्त पद्धत दिसत नव्हती, मुलंही दिसत होती. 'आमची पोरं नाहीत तशी' असं म्हणायला जावं तर समोरची पोरं हुबेहूब तशीच: शेंबडं नाक, फाटका खिसा, आणि तरी वाचतायत.

पुढच्या दोन वर्षांत हाच विचार आणखी काही ठिकाणी दिसला. सरसकट प्रशिक्षणाऐवजी शिक्षकाने आपल्याला काय हवं ते मागायचं, अशी मागणीनुसार प्रशिक्षणाची भाषा आली. शिक्षकांनी स्वतः केलेले प्रयोग मांडून बसायची 'शिक्षणाची वारी' सुरू झाली. तिथे स्टॉलवर उभा असायचा तो शिक्षक, आणि प्रश्न विचारणाराही शिक्षकच. इंग्रजीसाठी टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या मदतीने नऊ जिल्ह्यांत 'तेजस' प्रकल्प आला. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने भेटून आपल्या वर्गातला एखादा तास एकमेकांपुढे मांडत. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेने लोकांच्या मदतीने डिजिटल वर्ग उभा केला आणि गावोगाव लोकवर्गणीचे फलक लागले. (डिजिटल शाळांचं पुढे काय झालं ते बऱ्याच गावांना ठाऊक आहे. टीव्ही आणि प्रोजेक्टर लोकांनी दिला. विजेचं बिल कुणी भरायचं हे मात्र ठरलं नव्हतं.)

पायाभूत चाचणी हा यातला सगळ्यात नाजूक भाग. वर्षाच्या सुरुवातीला राज्यभर एकच भाषा आणि गणिताची चाचणी, मग दोन संकलित चाचण्या. हेतू चांगला: मूल कुठे आहे ते शिक्षकाला कळावं आणि तिथून सुरू करता यावं. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर पाचवीचं पुस्तक थोडं बाजूला ठेवायची ही जणू परवानगीच होती. सुरुवातीला काही शिक्षकांनी ती तशीच वापरली. पण गुण 'सरल' या संगणक प्रणालीवर भरायचे होते. एकदा गुण वर गेले की ते शिक्षकाचे राहत नाहीत. शाळेची, केंद्राची, तालुक्याची टक्केवारी निघते, आढावा बैठकीत पडद्यावर तालुके उतरत्या क्रमाने लागतात आणि तळातल्या तालुक्याच्या साहेबांना उभं केलं जातं. त्यानंतर पुढच्या चाचणीचे गुण कसे येतात हे सांगायची गरज नाही. वर्गात 52 लिहिणारं मूल कागदावर 25 लिहिणारं झालं, आणि त्याच्या शिक्षकाच्या हातातलं एकमेव उपयोगी निदान गेलं.

'प्रगत' नावाचा शिक्का

शाळा 'प्रगत' जाहीर करायची कल्पना आधी उत्साहातूनच आली असावी. आमची शाळा प्रगत झाली, कुणीही या आणि तपासा, असं गुरुजी अभिमानाने म्हणू लागले. मग केंद्रात किती शाळा प्रगत झाल्या याची विचारणा सुरू झाली, मग तालुक्यात किती, मग उरलेल्या का नाहीत. शेजारचं केंद्र पूर्ण झालं म्हटल्यावर आपलं राहून कसं चालेल? इथपर्यंत आलं की ती गोष्ट मुलांची राहत नाही.

फरशीचंही तेच झालं. कुमठ्यात आधी शिक्षकांच्या मनात काहीतरी हललं आणि मग फरशी रंगली. बाहेर अनेक ठिकाणी फक्त फरशी रंगली. ज्ञानरचनावादी साहित्याचे तयार संच विकायला आले. शब्दडोंगर रंगवून पक्के झाले आणि मुलं त्यावर बोट फिरवून तेच चार डोंगर पाठ म्हणू लागली. मूल सांगेल ते वाक्य लिहायचं, हा त्यातला प्राण. तोच ऑइलपेंटखाली गेला. याचा दोष मी शिक्षकांना देणार नाही. तपासायला येणारा फरशी बघत होता, त्यामुळे फरशी दाखवली गेली.

दरम्यान शाळेकडे येणाऱ्या ऑनलाइन कामांचा ओघ वाढला. सरल, शाळासिद्धी हे शाळेचं मूल्यमापन, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीची माहिती, आधार. रेंज नसलेल्या गावातला शिक्षक संध्याकाळी तालुक्याच्या सायबर कॅफेत, आणि सर्व्हर चालतो म्हणून रात्री उशिरा. नोव्हेंबर 2016 च्या एका शासन निर्णयाने यावर कळस चढवला. गळती रोखण्यासाठी जानेवारीपासून सोमवारी मुलांच्या गटागटाबरोबर सेल्फी काढून ते सरलवर चढवायचे. शिक्षकांनी कडाडून विरोध केला आणि ते बारगळलं. पण ज्या खात्याने दीड वर्षापूर्वी 'आमचा तुमच्यावर विश्वास आहे' असं सांगितलं होतं, त्याच खात्याने पुरावा म्हणून फोटो मागितला, हे लोक विसरले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामं देता येत नाहीत. तरीही त्याच सुमारास काही ठिकाणी हागणदारीमुक्तीच्या पहाटेच्या पथकांत गुरुजींना उभं करण्याचे आदेश निघाले.

पगाराला हात लागला तेव्हा

या प्रकरणाचा खरा कडेलोट 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने झाला. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते. बढतीच्या संधी जवळजवळ नसलेल्या या नोकरीत हे दोनच टप्पे. नव्या निर्णयाने त्याला अटी जोडल्या: प्राथमिकच्या शिक्षकाची शाळा प्रगत आणि शाळासिद्धीत 'अ' श्रेणीत असली पाहिजे, नववी-दहावीला शिकवणाऱ्याचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा.

चांगलं काम करणाऱ्याला जास्त, या तत्त्वाला माझा विरोध नाही. पण ही अट नेमकं काय मोजत होती ते पाहा. शाळासिद्धीत इमारत, स्वच्छतागृह, कुंपण, पाणी, व्यवस्थापन समिती असं सगळं येतं. कुंपणाचा निधी ग्रामपंचायतीने दिला नाही म्हणून तिसरीच्या बाईंची वेतनश्रेणी अडायची? आणि द्विशिक्षकी शाळेतल्या सहकाऱ्याने काम केलं नाही तर? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर बीडच्या एखाद्या वाडीवरून उठून कारखान्यावर जातात. तिथला शिक्षक आणि साताऱ्याच्या बागायती पट्ट्यातला शिक्षक एकाच टक्केवारीवर तोलायचे?

इथे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचं उदाहरण आठवतं. 2010 मध्ये केंद्र सरकारच्या 'रेस टू द टॉप' स्पर्धेत पहिल्याच फेरीत निधी मिळवणाऱ्या दोन राज्यांपैकी ते एक. त्यासाठी केलेल्या कायद्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाचा निम्मा भाग मुलांच्या शिकण्याच्या आकड्यांवर ठेवला होता, आणि त्यातला 35 टक्के वाढीवर. तिथेही शिक्षक संतापले, खटले झाले, आणि ते आकडेशास्त्र कितपत भरवशाचं यावर आजही वाद आहे. तरी एक फरक महत्त्वाचा. टेनेसीत मूल आधी कुठे होतं आणि आता कुठे आलं, हे अंतर मोजायचा प्रयत्न होता. आपल्याकडे सरळ 80 टक्के. दुर्गम पाड्यावर शून्यातून साठपर्यंत आणणारा नापास, आणि शिकवणीला जाणारी मुलं ज्याच्या वर्गात आहेत तो पास. पायाभूत चाचणीची मूळ कल्पना हे अंतर मोजण्याचीच होती! ती आपल्याच हाताने बिघडवून ठेवल्यावर तिच्यावर पगार ठरवण्याइतका कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

नोव्हेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. प्रगत शाळेची आणि निकालाची अट पुढे काढून टाकावी लागली. पण दोन वर्षं ज्या तंत्रस्नेही, उत्साही शिक्षकांनी हा कार्यक्रम खांद्यावर घेतला होता तेही त्या मोर्चांत होते. 'प्रगत' हा शब्द त्यांच्याही तोंडात कडू झाला.

बदल्या

याच वर्षी दुसऱ्याच एका खात्याने आणखी एक मोठं पाऊल उचललं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं शिकवणं शालेय शिक्षण विभाग बघतो, पण त्याची बदली ग्रामविकास विभागाच्या धोरणाने होते. ग्रामविकास विभागाने 27 फेब्रुवारी 2017 ला संगणकीय बदल्यांचं धोरण आणलं. शाळांची अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रात विभागणी, शिक्षकांचे चार संवर्ग, पसंतीच्या वीस शाळा, आणि आपल्या जागेवर कुणी येऊन बसलं की 'खो'.

या धोरणाने एक फार जुना अन्याय मोडला, हे मान्य केलंच पाहिजे. वशिला नसलेले शिक्षक वर्षानुवर्षं घाटावरच्या किंवा जंगलातल्या शाळेत अडकून पडत आणि बदल्यांचा हंगाम म्हणजे काही मंडळींचा बाजार असे. तो बाजार संगणकाने उठवला. पण 2018 च्या उन्हाळ्यात बदल्या झाल्या त्या प्रचंड संख्येने आणि एकदम. ज्या शाळेत तीन शिक्षकांनी मिळून चार वर्षं वर्ग घडवला होता ते तिघं जूनमध्ये तीन तालुक्यांत होते. प्रणालीला शिक्षकाची सेवा किती वर्षं झाली ते दिसत होतं. या शाळेत काय जमलंय ते टिपायला तिच्यात रकानाच नव्हता. चांगलं शिकवणं एकट्या माणसात असतं असं धरलं तर बदली झाली म्हणून बिघडायचं कारण नाही, तो नव्या शाळेत तेच करेल. कुमठ्याने मात्र दाखवलं होतं की ते शेजारच्या शाळेतल्या, रोज भेटणाऱ्या, एकमेकांचं बघणाऱ्या माणसांच्या गटात असतं. तो गट विस्कटला. दोन खात्यांच्या दोन कागदांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी नंदकुमार यांचीही शिक्षण खात्यातून बदली झाली. नव्या सचिवांची नवी दिशा, नवे उपक्रम. 'प्रगत'ची बैठक कुणी बोलावेना.

मुलांचं काय झालं

2018 च्या 'असर'मध्ये सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. 2014 मध्ये ती निम्मी होती. चार वर्षांत एवढी वाढ ही लहान गोष्ट नाही, आणि 'असर'चे आकडे शाळेने भरलेले नसतात. स्वयंसेवक घरी जाऊन मुलाच्या हातात कागद देतो. सगळं श्रेय एका शासन निर्णयाला देणं चूक ठरेल, पण जे शिक्षक तेव्हा वाचनावर तुटून पडले होते त्यांना हे आकडे बघून आश्चर्य वाटलं नाही.

भागाकाराची गोष्ट वेगळी. त्याच पाहणीत पाचवीतल्या साधारण तिघांपैकी एकालाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. वाचनाचं काम फरशीवर, गोष्टींच्या पुस्तकांतून, घरच्या बोलण्यातून पुढे गेलं. गणितात पहिली-दुसरीच्या काड्या आणि मणी उपयोगी पडले, पण चौथी-पाचवीच्या भागाकारापर्यंत नेणारी पायवाट तितकी आखलेली नव्हती. 'गठ्ठा सोडून सुटे करायचे' हे मुलाने हाताने केलेलं असतं, ते वहीतल्या मांडणीशी जोडून देण्यासाठी शिक्षकाला स्वतःला त्या गणितात खोल उतरावं लागतं. तिथे फरशीचे फोटो पुरत नाहीत. तिथे तासभर शेजारी बसून बोलणारं जाणकार माणूस लागतं.

मग कोविडमध्ये शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि 2022 च्या पाहणीत वाचनाचा आकडा पुन्हा घसरला. त्यानंतर निपुण महाराष्ट्र आलं, जागतिक बँकेच्या मदतीचा स्टार्स प्रकल्प आला, नियतकालिक चाचण्या आल्या. त्यातलं बरंचसं 2015 मध्ये शिकवणाऱ्यांना ओळखीचं वाटतं.

शेजारी बसून बोलणारं ते माणूस रचनेत अजून आहेच, निदान पदाच्या यादीत: केंद्रप्रमुख. 4,860 पदांपैकी मोठा भाग वर्षानुवर्षं रिकामा राहिला. 2023 मध्ये 2,384 जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि ठरल्या वेळी परीक्षा न होताच रखडली. मधल्या काळात पद रिकामं असलेल्या केंद्राचा कारभार शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभारी म्हणून सोपवतात. शिक्षकाकडे तो आला की आठवड्यातले काही दिवस त्याचा स्वतःचा वर्ग शेजारच्या बाई सांभाळतात, आणि तो बाहेर फिरून दहा-बारा शाळांची माहिती गोळा करतो. वर्ग बघायला त्याला वेळ मिळत नाही.